नवा कंपायलर, जुना सर्व्हर

जुन्या लिनक्स सर्व्हरवर नवीन जीसीसी टाकायला फारतर एक दिवस लागतो. गेल्या दोन-तीन वर्षांत हे काम मी पाच-सहा वेळा केलंय, त्यामुळे हे ठामपणे सांगतो. पण 'टाकायचा कुठे, आणि उद्या त्याच्याकडे बघणार कोण' या प्रश्नावर एका प्रोजेक्टमधे आमचे अडीच महिने गेले. माझं म्हणणं असं की ते अडीच महिने वाया गेलेले नाहीत. वाया गेला तो आमच्या आधीच्या लोकांचा एक दिवस, ज्यात त्यांनी हा प्रश्न न विचारता काम उरकलं होतं!

(ज्यांना कंपायलरशी काही देणंघेणं नाही त्यांनी हा शनिवार सुट्टी समजावी.)

तर झालं असं की २०२५ च्या जानेवारीत आमच्याकडे विमा क्षेत्रातल्या एका क्लायंटचं काम आलं. हप्त्याचं गणित करणारं इंजिन, सी++ मधे लिहिलेलं, सेंटओएस ७ च्या एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं मुकाट चाललेलं. आधी ते दुसऱ्या व्हेंडरकडे होतं. आता त्यात जी नवीन लायब्ररी घालायची होती तिला सी++१७ हवं. आणि सर्व्हरवर कंपायलर कुठला? जीसीसी ४.८.५.

सेंटओएस ७ आलं २०१४ च्या जुलैमधे. तेव्हा मी बारावीत होतो! त्याच्याबरोबर जीसीसी ४.८ आलं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. ४.८ ला सी++११ येतं, पण तिथेही गंमत आहे. स्टँडर्ड लायब्ररीतलं रेग्युलर एक्स्प्रेशन त्यात नावापुरतंच आहे. हेडर फाइल आहे, कोड बिनतक्रार कंपाइल होतो, आणि चालवायला गेलं की एक्सेप्शन फेकतो नाहीतर चुकीचं उत्तर देतो. खरं काम ४.९ मधे झालं. कंपायलरने तक्रार केली नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं मानणाऱ्यांनी हा अनुभव एकदा घ्यावाच.

आमच्या टीममधला फ्रेशर म्हणाला, "दादा, दहा वर्षं जुना कंपायलर कोण वापरतं? यम अपडेट मारून टाकू ना!"

"मार," म्हटलं, "टेस्ट मशीनवर मारून बघ."

अर्ध्या तासाने परत आला. "दादा, ४.८.५ च दाखवतंय..."

दाखवणारच. तो कंपायलर तिथे कुणाच्या आळसामुळे राहिलेला नाही, मुद्दाम ठेवलेला आहे. सेंटओएस ज्याच्यावरून बनायचं त्या रेड हॅटचं गिऱ्हाईक म्हणजे बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती. या मंडळींना नवीन काही नको असतं, खात्री हवी असते. आज जी बायनरी चालते ती दहा वर्षांनी, मधे शंभर सिक्युरिटी पॅच लावूनही, तशीच चालली पाहिजे. म्हणून कंपायलर आणि त्याच्या लायब्रऱ्या एका आवृत्तीवर गोठवायच्या, आणि दुरुस्त्या तेव्हढ्या मागून शिवत राहायच्या. आपण तरुण लोक अशा सर्व्हरला 'म्हातारा' म्हणून हसतो. पण तो म्हातारा दिलेला शब्द पाळत असतो.

शब्द मोडला की काय होतं? २०१० मधे फेडोरा १४ वर ॲडोबी फ्लॅशचा आवाज खराब यायला लागला. कारण शोधलं तर सापडलं जीलिबसी मधलं मेमकॉपी! त्या फंक्शनने बाइट उचलण्याची दिशा बदलली होती. नियमाप्रमाणे मेमकॉपीला एकमेकांवर चढलेले मेमरीचे तुकडे द्यायचेच नसतात, म्हणजे चूक फ्लॅशची. पण गाणी ऐकणाऱ्याला त्याचं काय? लायनस टोरवाल्ड्सही त्या वादात उतरले आणि वापरणाऱ्यांच्या बाजूने बोलले. पुढे जीलिबसी २.१४ मधे तोडगा निघाला: जुन्या बायनरीला जुन्या वळणाचं मेमकॉपी, नव्याने लिंक होईल तिला नवं. एकाच नावाची दोन फंक्शन्स, ज्याला जे ठाऊक आहे ते त्याला मिळतं. मला हा प्रकार फार आवडतो. असो.

आपल्याकडच्या गोंधळाचं मूळ मला कॉलेजात दिसतं. आपल्यापैकी कित्येकांनी पहिला प्रोग्रॅम टर्बो सी च्या निळ्या पडद्यावर लिहिला. कोनिओ हेडर, व्हॉइड मेन, कंट्रोल-एफ९, जर्नलवर प्रिंटआउट, सरांची सही. कंपायलर म्हणजे तो निळा पडदा, बास. कंपाइल केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर न्यायची वेळच आली नाही, त्यामुळे प्रोग्रॅम चालताना त्याच्या मागे कोण उभं असतं हा प्रश्न कधी पडलाच नाही.

कंपायलर म्हणजे लग्नातला आचारी. पंगत बसायच्या आधी त्याचं काम संपतं, तो गावाला गेला तरी बिघडत नाही. पंगतीत लागतात वाढपी. लिबस्टडसी++ आणि जीलिबसी या दोन लायब्रऱ्या म्हणजे ते वाढपी, आणि प्रोग्रॅम चालत असतो तोवर त्या हजर पाहिजेत. आता आचारी पुण्याहून नवा आणला आणि वाढपी गावातलेच जुने ठेवले, तर नवा आचारी यादीत असे पदार्थ लिहून ठेवतो ज्यांची नावंच वाढप्यांनी ऐकलेली नसतात. मग पडद्यावर ती जगप्रसिद्ध ओळ येते: जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२१ नॉट फाउंड. ४.८.५ च्या लायब्ररीला ३.४.१९ पर्यंतचीच यादी पाठ आहे, ३.४.२१ आलं जीसीसी ५ बरोबर. थोडक्यात, सर्व्हर जुना असतो तो कंपायलरमुळे नाही, या लायब्रऱ्यांमुळे.

यावर काही शूर लोक वाढपीच बदलायला निघतात. लिबस्टडसी++ बदललं तर एकवेळ निभावतं, कारण नवीन लायब्ररी जुनी यादीही सांभाळते. पण जीलिबसी ला हात लावू नका. त्या मशीनवरचं जवळपास सगळं, अगदी साधं एलएस आणि खुद्द शेलसुद्धा, तिच्यावर उभं आहे. ती मधेच बिघडली तर दुरुस्त करायला जी कमांड द्यायची ती कमांडही चालत नाही. इंटरनेटवर 'सोप्या सहा पायऱ्यांत जीलिबसी अपग्रेड' असं लिहिणाऱ्यांना प्रॉडक्शनचा फोन त्यांच्या घरी लावून द्यावा असं मला नेहमी वाटतं.

दुसरा रस्ता सोर्समधून जीसीसी बांधायचा. मला वैयक्तिकरीत्या हा रस्ता आवडतो, कारण त्यात मजा आहे. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्रऱ्या आधी लागतात. त्या आणून द्यायला जीसीसी बरोबरच एक छोटी स्क्रिप्ट येते. सोर्सच्या फोल्डरमधे नाही, वेगळ्या फोल्डरमधे बिल्ड करायचं. मग सुरू होतं बूटस्ट्रॅप: जुन्या कंपायलरने नवा बांधायचा, त्या नव्याने स्वतःलाच परत बांधायचं, आणि तिसऱ्यांदा पुन्हा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळच्या ऑब्जेक्ट फाइल्स ताडून बघायच्या. जुळल्या तर नवा कंपायलर आपल्या पायावर उभा राहिला. हे पहिल्यांदा घडताना बघितलं तेव्हा मी चहा प्यायचा विसरलो होतो :)

पण जुन्या जमिनीवर हेही दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. जीसीसी १४ पर्यंतच्या आवृत्त्या बांधायला सी++११ समजणारा कंपायलर पुरायचा, म्हणजे आपला ४.८.५ चालायचा. २०२५ च्या एप्रिलमधे जीसीसी १५ आलं आणि त्याला बांधण्यासाठी सी++१४ लागू झालं, म्हणजे निदान जीसीसी ५.४ हवा. ४.८ वरून थेट उडी मारता येत नाही, मधे एखादा ९ किंवा १० बांधून त्याच्या खांद्यावरून वर चढावं लागतं.

आणि खरी अडचण बांधण्याची नाहीच, बांधून झाल्यानंतरची आहे. आमच्या त्या सर्व्हरवर आधीच्या व्हेंडरने हेच केलेलं होतं. कुणीतरी एकदा यूएसआर-लोकल मधे जीसीसी ५.४ हाताने बांधला, इंजिन त्याने कंपाइल केलं, आणि नवीन लिबस्टडसी++ सापडावी म्हणून एलडी लायब्ररी पाथची एक ओळ लिहिली. कुठे? एका युजरच्या बॅश प्रोफाइलमधे. तो युजर लॉगिन करायचा, हाताने इंजिन चालू करायचा, आणि महिनोन् महिने ते चालू राहायचं. सिस्टिमडी ची सर्व्हिस फाइलही बनवलेली होती, पण ती कुणी चालवून बघितलेली नव्हती.

मार्चमधल्या एका शनिवारी क्लायंटच्या डेटा सेंटरमधे विजेचं काम निघालं आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला. सिस्टिमडी ने इमानेइतबारे सर्व्हिस चालू केली. सिस्टिमडी काही कुणाचं बॅश प्रोफाइल वाचत नाही. इंजिन ४.८ च्या लायब्ररीकडे गेलं, ३.४.२१ मागितलं, आणि पडलं. परत उठवलं, परत पडलं. मार्च महिना, विम्याचं वर्षातलं सगळ्यात गर्दीचं गिऱ्हाईक, रविवारी सकाळी शाखा उघड्या राहणार, आणि रात्री एक वाजता आम्ही चौघं कॉलवर. हँडओव्हरच्या ४० पानी कागदात त्या ओळीचा उल्लेख नव्हता. ज्याने ती लिहिली तो माणूस त्या व्हेंडरकडून केव्हाच दुसरीकडे गेलेला. ती ओळ सापडायला चार तास लागले, आणि दुरुस्ती होती एका मिनिटाची.

त्या अज्ञात माणसावर माझा राग नाही. त्याला एक दिवस दिला होता, त्याने एका दिवसात काम चालू करून दिलं. आपल्या इंडस्ट्रीत माणूस एका प्रोजेक्टवर टिकतो दीड-दोन वर्षं, आणि सर्व्हर टिकतो दहा वर्षं. हे गणित माहीत असताना जो 'एका दिवसात होईल' असा एस्टिमेट मागतो आणि जो मंजूर करतो, त्यांच्यावर माझा राग आहे. हाताने बांधलेल्या कंपायलरला यम ओळखत नाही, त्याला पॅच येत नाहीत, तो कुठल्या पर्यायांनी बांधला ते कुणाला ठाऊक नसतं. तो पाळलेला प्राणी आहे. मालक नोकरी बदलून गेला तरी त्याला खायला घालावंच लागतं.

म्हणून मी तिसऱ्या, कंटाळवाण्या रस्त्याच्या बाजूचा आहे. रेड हॅटनेच हा प्रश्न ओळखून डेव्हटूलसेट नावाची पॅकेजेस काढली होती. सेंटओएस ७ साठी डेव्हटूलसेट-११ मिळतं, त्यात जीसीसी ११. ते ऑप्ट फोल्डरमधे वेगळं बसतं, सिस्टिमच्या ४.८.५ ला धक्काही लावत नाही. एससीएल इनेबल, टूलसेटचं नाव, बॅश, एव्हढी कमांड दिली की एक नवीन शेल उघडतो आणि त्यापुरता कंपायलर नवा. शेल बंद केला की परत जुना. आणि यातली खरी करामत लिंकिंगमधे आहे: लिबस्टडसी++ चा जो भाग जुन्या लायब्ररीत आहे तो तिच्याकडूनच घ्यायचा, जो नवीन आहे तेव्हढा बायनरीतच भरायचा. म्हणजे आचाऱ्याने अनोळखी पदार्थ स्वतःच डब्यात भरून दिले, वाढप्यांना प्रश्नच नको. ती बायनरी साध्या, काहीही न टाकलेल्या सेंटओएस ७ वर चालते. एलडी लायब्ररी पाथ लागत नाही.

बरेच अनुभवी लोक डेव्हटूलसेटला एका गोष्टीवरून नावं ठेवतात. जीसीसी ५ पासून सी++ ची स्ट्रिंग आणि लिस्ट आतून बदलली. जुनी आणि नवी मेमरीत वेगळी दिसतात, त्यांची सिंबॉलमधली नावंही वेगळी. मॅक्रोची किंमत शून्य किंवा एक करून कुठली हवी ते निवडता येतं. सेंटओएस ७ वरचं डेव्हटूलसेट मात्र ही निवड देतच नाही, कायम जुनीच स्ट्रिंग. '११ नंबरचा कंपायलर आणि स्ट्रिंग २०१४ ची!' अशी चेष्टा मी स्वतः ऐकली आहे.

आमच्या बाबतीत ही चेष्टाच कामी आली. इंजिन एका सिक्युरिटी हार्डवेअरशी बोलतं, आणि त्या हार्डवेअरची लायब्ररी तिसऱ्याच कंपनीकडून तयार बायनरी म्हणून आलेली, सोर्स नाही, फक्त सेंटओएस ७ वर तपासलेली, आणि तिच्या फंक्शन्सना स्ट्रिंग द्यावी लागते. जुनी स्ट्रिंग. ५.४ च्या काळात कुणीतरी मेकफाइलमधे त्या मॅक्रोची किंमत शून्य केलेली होती, शेजारी कारण लिहिलेलं नाही. आमच्या फ्रेशरने साफसफाईच्या उत्साहात ती ओळ टेस्ट ब्रँचवर काढली आणि लिंकरने दोनशे अनडिफाइंड रेफरन्स तोंडावर मारले. "दादा, हा एक झिरो एव्हढा महत्त्वाचा?" ... होय बाबा. डेव्हटूलसेट आल्यावर तो झिरो कुणी काढला तरी काही बिघडत नाही, कारण दुसरा पर्यायच नाही. ज्या बंधनाला लोक हसतात ते त्या जुन्या शब्दाला जागण्यासाठीच घातलेलं आहे.

आता या रस्त्याचीही मर्यादा. सेंटओएस ७ चं आयुष्य ३० जून २०२४ ला संपलं. त्यानंतर नेहमीचे मिरर बंद झाले, पॅकेजेस व्हॉल्टमधे गेली, म्हणजे चक्क अर्काइव्हमधे. यम ला तिकडचा पत्ता दिला तर डेव्हटूलसेट आजही उतरतं, पण त्याच्यात नवी दुरुस्ती येणार नाही. गोठवण्याचा करार होता तोवर जुनं राहणं ही शिस्त होती. करार संपल्यावर जुनं राहणं ही जोखीम आहे, आणि नवा कंपायलर टाकून ती जोखीम कणभरही कमी होत नाही. कर्नल तोच ३.१० चा, जीलिबसी तीच २.१७. बाहेरचं जगही थांबत नाही. नोड १८ च्या अधिकृत बायनरी जीलिबसी २.२८ मागतात, म्हणजे त्या इथे चालतच नाहीत.

'मग वेळेत का नाही हलले?' असं विचारणं सोपं आहे. आमच्या क्लायंटने २०२० मधे सेंटओएस ८ वर जायचा आराखडा केला होता, बजेटसकट. त्याच डिसेंबरमधे रेड हॅटने जाहीर केलं की सेंटओएस ८ हे २०२१ च्या अखेरीस बंद होणार, आधी सांगितलेल्या २०२९ मधे नाही. धाकटा भाऊ थोरल्याच्या आधी गेला! अशा वेळी सातवरच बसून राहणारा माणूस मूर्ख म्हणता येत नाही. फक्त तो बसला तो कायमचाच बसला.

तर अडीच महिन्यांत आम्ही काय केलं? खरं म्हणजे सर्व्हरवर कंपायलर टाकलाच नाही. प्रॉडक्शन सर्व्हरवर कंपायलर असायचं कारणच काय? एका नवीन मशीनवर सेंटओएस ७ चा कंटेनर केला, त्यात व्हॉल्टमधून डेव्हटूलसेट-११, आणि लागणारी सगळी पॅकेजेस आमच्याच एका जागी उतरवून ठेवली, व्हॉल्टही कधी बंद पडलं तर असू द्यावीत म्हणून. बिल्ड तिथे होतो, जुन्याच जीलिबसी वर, त्यामुळे बायनरी त्या सर्व्हरवर बिनतक्रार चालते. सर्व्हरवर फक्त बायनरी जाते. हे सगळं दहा दिवसांचं काम. बाकीचे दोन महिने गेले पुढच्या भांडणात.

आमच्या मॅनेजरचं म्हणणं, क्लायंटने फक्त 'नवीन कंपायलर' मागितलाय, तेव्हढंच द्या. माझं म्हणणं, एस्टिमेटमधे आणखी दोन ओळी पाहिजेत: हा बिल्ड पुढे कुणाच्या नावावर, आणि सर्व्हर सातवरून हलवायची तारीख कुठली. "अरे, तारीख आपण कशी मागणार? सर्व्हर त्यांचा, धोका त्यांचा," असं ते म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं, करारात खरोखर तसंच लिहिलं होतं. पण मार्चमधल्या त्या शनिवारी रात्री एक वाजता फोन मात्र आम्हालाच आला होता. शेवटी त्या शनिवारचा हिशोब, चौघांचे तास आणि बंद राहिलेलं इंजिन, एका कागदावर मांडून क्लायंटपुढे ठेवला. मग दोन्ही ओळी मंजूर झाल्या.

जुना ५.४ आम्ही जूनमधे सर्व्हरवरून काढून टाकला. बॅश प्रोफाइलमधली ती ओळही काढली. कंटेनर कसा बांधायचा त्याची दीड पानाची टीप रिपॉझिटरीत आहे, आणि दर तिमाहीला टीममधल्या कुणीतरी एकाने, ज्याने तो बांधलेला नाही त्याने, टीप वाचून शून्यापासून बिल्ड करून बघायचा असं ठरलंय. पहिल्यांदा फ्रेशरनेच केला. टीपेतल्या तीन चुका काढल्या पठ्ठ्याने.

सर्व्हर हलवायचं मात्र त्या हार्डवेअरवाल्या कंपनीवर अडलंय. रॉकी लिनक्स ९ साठी त्यांच्या लायब्ररीची नवीन बायनरी पाहिजे, नव्या स्ट्रिंगसकट. तीन मेल गेलेत, चौथा सोमवारी पाठवणार आहे.